ह्यांच्या हाताचं पिस्तूल

पिस्तूल बघायला जाणं आणि मुलीसाठी स्थळ बघायला जाणं यात फारसा फरक नाही, हे मला साठी जवळ आल्यावर कळलं. आधी कुणीतरी सांगतं, अमक्याकडे एक आहे, चांगलं राखलेलं आहे. मग फोन होतात. मग आपण जरा बरे कपडे घालून जातो, समोरचे चहा ठेवतात, आणि कपाटातली वस्तू बाहेर येते. आमचे हे ती हातात घ्यायचे, खिडकीबाहेरच्या एखाद्या खुणेवर रोखायचे, डोळा बारीक करायचे आणि सावकाश खाली ठेवायचे. रस्त्यावर आलो की नकार. एकाची मूठ जाड, एकाचा चाप अडखळतो, एकाचं तोंड खाली जातं. मी पिशवी घेऊन मागून चालायची. पिशवीत पाण्याची बाटली, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायचं औषध, आणि ह्यांनी त्या सकाळी न घेतलेली टॅबलेट.

हे शेवगावात शाळेत खेळाचे मास्तर होते. मी मिशनच्या दवाखान्यात नर्स. लग्न झालं तेव्हापासून हे मला सिस्टर म्हणतात, आधी चिडवायला म्हणायचे, मग तेच नाव पडलं. तरुणपणी कुठल्याशा शिबिरात ह्यांच्या हाती रायफल आली आणि पुढं पिस्तूल. पॉइंट टू टूचं. लहान तोंडाचं, कागदी टार्गेटवर मारायचं खेळातलं पिस्तूल. ज्यांना माहीत नसतं ते घाबरतात, ‘मास्तरांच्या घरात पिस्तूल आहे’ म्हणतात. आमच्या घरात ते देवाच्या पुस्तकाइतकंच सांभाळून ठेवलेलं असायचं, आणि कधीकधी, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी क्षमा करावी, त्या पुस्तकापेक्षा जास्त वेळा उघडलं जायचं. निवृत्त झाल्यावर हे वयस्कांच्या गटात खेळायला लागले. दर आठवड्याला एसटीने नगरला जायचे, रेंजवर सराव करायचे, आणि संध्याकाळी परत आले की टार्गेटचा कागद डायनिंग टेबलावर पसरून मला समजावून सांगायचे. मला त्यातलं काही कळायचं नाही. पण ते सांगताना ह्यांचा चेहरा बघायला मला आवडायचं.

मग ह्यांना अटॅक आला. नगरला नेलं, स्टेंट बसवला, माणूस वाचला, पण हृदय कमजोर राहिलं. डॉक्टरांनी औषधं लिहून दिली. त्यातलं एक ठोके आवरून धरणारं. कमजोर हृदयाला उगाच पळू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. बाकी सगळ्यांत तेच महत्त्वाचं, हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. आयुष्यभर मी तसल्याच रोग्यांच्या उशाशी उभी राहिले होते.

ह्यांनी पलंगावरच चष्मा लावून त्या पाकिटावरचं नाव वाचलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, थकले. पण नेमबाजीत त्या औषधाला बंदी आहे. ठोके मंदावले की हात स्थिर होतो, म्हणून. धावणाऱ्यानं ताकदीचं इंजेक्शन घ्यावं तसंच ते. हे पोरांना वर्षानुवर्षं हेच शिकवत आले होते, कुठलं औषध चालतं, कुठलं चालत नाही, साध्या सर्दीचंसुद्धा विचारून घ्या. घरी आल्यावर थोडे महिने नीट घेतलं, कारण रेंजवर जायची मनाईच होती. डॉक्टरांनी परवानगी दिली आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी हे म्हणाले, ‘‘सिस्टर, ती टॅबलेट आजपासून मला देऊ नको.’’

लपवून बंद केली असती तर मी भांडले तरी असते. सांगून बंद करणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं?

तरी भांडलेच. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी समजावलं की हे औषध असं अचानक सोडणं तर जास्तच वाईट, हृदय उसळून उठतं. दुसरं काही चालेल का, असं ह्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, तुमच्या बाबतीत नाही. ह्यांनी खेळाच्या संघटनेतल्या ओळखीच्यांनाही फोन केला, आजारपणासाठी काही सूट असते का म्हणून. नेमबाजीत ह्या औषधाला सहसा मिळत नाही, असं उत्तर आलं. हे ‘बरं’ म्हणाले आणि फोन ठेवला. मला मात्र त्या फोनवरच्या माणसाला चार शब्द ऐकवायचे होते. जिल्ह्याच्या म्हाताऱ्यांच्या स्पर्धेत कोण येतं तपासायला? उभ्या आयुष्यात ह्यांची कुणी तपासणी केली नव्हती. हे मी ह्यांना बोलून दाखवलं.

‘‘कुनी तपासत न्हाई म्हनून घेऊ?’’ हे म्हणाले. ‘‘मग पोरांला मी इतकी वर्सं काय शिकवत हुतो?’’

मी म्हणाले, मग स्पर्धा सोडा, औषध घ्या आणि नुसता हौसेचा सराव करा. त्यावर हे उठून बाहेर गेले आणि कुंड्यांना पाणी घालत बसले. सकाळीच मी पाणी घातलं होतं.

औषध सुटलं आणि ह्यांचा हात बिघडला. वयामुळं थोडी थरथर होतीच, आता हृदय मोकाट सुटलेलं. ठोका पडला की पिस्तुलाचं टोक उडायचं. घरी रिकामं पिस्तूल घेऊन हे भिंतीसमोर उभे राहून सराव करायचे, तेव्हा मला स्वयंपाकघराच्या दारातूनही ते उडणं दिसायचं. हे म्हणाले, पिस्तूल बिघडलंय. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानेवाल्यांना शस्त्रं ठाण्यात जमा करावी लागतात, आणि अलीकडं तर एक निवडणूक सरली की दुसरी उभी. ह्यांचं म्हणणं, तिथं पडून पडून त्याचा तोल गेला. मी म्हणाले, पडलेले उमेदवार मशीनला दोष देतात तसं झालं हे. एरवी ह्यांनी हसून सोडून दिलं असतं. त्या दिवशी जेवले नाहीत.

आणि मग पिस्तुलाचा शोध सुरू झाला.

ह्यांचा हिशेब सरळ होता. औषधानं हात स्थिर करायचा नाही, तर पिस्तुलानं करायचा. जड पिस्तूल हवं, त्यातही पुढं, नळीकडं जड. वजन असलं की बारीक थरथर त्यात दबून जाते, असं हे म्हणायचे. खोटं नव्हतं ते. पण जड पिस्तूल हात लांब करून रोखून धरायला हृदयाला जास्त ओढ लागते, हेही खोटं नव्हतं. नगरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं दोन-तीन दाखवली, एकही पुरेसं जड नव्हतं. जामखेडला एका वकिलांकडं गेलो. त्यांचं पिस्तूल ह्यांना फार आवडलं, पण मूठ डावखुऱ्या माणसासाठी कोरलेली होती. वकील म्हणाले, मूठ बदलून घ्या. हे म्हणाले, मूठ बदलली की तोल बदलतो. येताना एसटीत ह्यांचा श्वास लागला होता आणि हे खिडकीकडं तोंड करून बसले, मला दिसू नये म्हणून. मला पाठीवरूनही कळतं. मी नाडी बघायला मनगट धरलं तर हात काढून घेतला.

ते दिवस माझे कसे गेले ते मलाच माहीत. सकाळी उठून आधी ह्यांचा श्वास बघायचा. मग टॅबलेट बशीत ठेवायची. मग ती तशीच राहिलेली उचलून पाकिटात घालायची. दवाखान्यात मी कितीतरी हट्टी म्हाताऱ्यांना औषध पाजलं होतं, रागावून, लाडानं, नातवंडांची शपथ घालून. घरचा म्हातारा मला आवरत नव्हता. रविवारी उपासनेत सगळ्यांनी डोळे मिटले की मी एकच मागायची: बापा, ह्यांचे नेम चुकू दे. सगळे चुकू दे. इतके चुकू दे की हे कंटाळून ते पिस्तूल टाकून देतील. शेजारी हे डोळे मिटून उभे असायचे आणि बहुधा नेमकं उलटं मागत असायचे. देव तरी काय करणार.

काष्टीला एक शेतकरी आहेत, असं कुणीतरी सांगितलं. ऊस-कांद्याचे शेतकरी, पण उमेदीत ह्यांच्यासारखेच नेमबाज. त्यांच्याकडं दोन पॉइंट टू टू होती आणि दोन्ही द्यायची होती. आम्ही गेलो तो नेमका बाजाराचा दिवस निघाला. स्टँडपासून त्यांच्या घरापर्यंत रस्ता बैलांनी, टेम्पोंनी आणि माणसांनी भरलेला. रिक्षा मिळेना. हे चालत निघाले. मी दर थोड्या अंतरावर काहीतरी विकत घ्यायचं निमित्त काढून थांबायची. नको असलेली भेंडी घेतली, दोरीचं भेंडोळं घेतलं. ह्यांना ते कळत होतं आणि तरी हे थांबत होते, यावरूनच मी ओळखलं की दम संपलाय.

काष्टीचे गृहस्थ ओट्यावर वाट बघत बसले होते. जाड भिंगांचा चष्मा. ह्यांना ‘या गुरुजी’ म्हणाले ते फोनवर ऐकलेल्या आवाजावरून. मलाही ‘बसा वहिनी’ म्हणाले. दोन्ही पिस्तुलं बाहेर आणली, एकेक उघडून, रिकामं असल्याचं ह्यांना दाखवून, मग मूठ ह्यांच्याकडं करून दिलं. ही ह्या लोकांची रीत. आपलं रिकामं आहे हे माहीत असलं तरी समोरच्याला दाखवल्याशिवाय देत नाहीत. का विकताय, असं ह्यांनी विचारलं.

‘‘डोळे गेलं, गुरुजी,’’ ते म्हणाले. ‘‘हातात घेतलं की म्होरं नुसतं धुकं दिसतं. मग कशाला ठिवायचं? ज्याला दिसतंय त्यानं मारावं.’’

इतकं सहज म्हणाले की मला त्यांचा हेवा वाटला. ह्यांच्या तोंडून असं एक वाक्य निघावं म्हणून मी किती महिने झुरत होते.

पहिलं पिस्तूल लांब नळीचं, जड, पुढं झुकणारं. हे शोधत होते तेच. ह्यांनी ते उचललं आणि अंगणापलीकडच्या भिंतीवर एक चुन्याचा डाग होता त्यावर रोखलं. टोक हललं नाही. खरंच हललं नाही. हे तसेच धरून उभे राहिले, आणि ह्यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी ते जुनं समाधान आलं. मी डागाकडं बघत नव्हते, मी ह्यांच्या कपाळाकडं बघत होते. कपाळावर घाम आला. मग ओठांचा रंग गेला. मग पिस्तूल हळूहळू खाली आलं, आणि तशाही अवस्थेत ह्यांनी ते नीट, तोंड भिंतीकडं करून, ओट्यावरच्या घोंगडीवर ठेवलं. मग छातीवर हात ठेवला आणि खाली बसले.

मी जिभेखाली औषध ठेवलं. कॉलर सैल केली, पाठीला उशी दिली. काष्टीच्या गृहस्थांनी गाडी काढायला पुतण्याला हाक मारली. हात माझे काम करत होते, सवयीचे हात, पण आतून मी पार कोसळले होते. दुखणं ओसरायला लागलं, ह्यांनी डोळे उघडले, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोलले नव्हते.

‘‘तुमाला मरायचंच असंल तर घरी मरा,’’ मी म्हणाले. ‘‘असं परक्याच्या ओट्यावर मला एकटीला टाकून मरू नका.’’

काष्टीचे गृहस्थ उठून आत गेले. चांगला माणूस.

हे घोंगडीवरच्या दोन्ही पिस्तुलांकडं बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘तूच निवड आता.’’

मला वाटलं, चिडून बोलताहेत. पण ह्यांचा आवाज चिडका नव्हता. ‘‘मला कळंना झालंय,’’ हे म्हणाले. ‘‘तू निवडशील ते घिऊ.’’

मला पिस्तुलातलं काय कळतं? पण मनगटातलं कळतं. जरा वेळानं, ह्यांना बरं वाटल्यावर, मी ते जड पिस्तूल बसल्या बसल्याच ह्यांच्या उजव्या हातात दिलं, मांडीवर टेकवून थोडंसं उचलायला लावलं, आणि डावं मनगट धरलं. नाडी बिथरलेल्या बैलासारखी धावली. ते काढून घेतलं. ठोके खाली येईपर्यंत थांबले. मग दुसरं दिलं. ते आखूड होतं, हलकं, त्याची मूठ ह्यांच्या बोटांनी झिजल्यासारखी ह्यांच्या तळव्यात बसली. नाडी वाढली, पण थोडी. आम्ही दोघंही एकमेकांकडं न बघता त्या मनगटाकडं बघत होतो.

‘‘हे,’’ मी म्हणाले.

‘‘हलकं हाय. ह्यात हाताची समदी थरथर दिसंल.’’

‘‘थरथरला तर दिसंल.’’

जड पिस्तूल म्हणजे औषधाशिवाय. हलकं म्हणजे औषध घेऊन. एवढं ह्यांना समजावून सांगायला लागणार नव्हतं. ह्यांनी ते हलकं पिस्तूल उलटंपालटं करून बघितलं, उघडलं, मिटलं, परत उघडलं. मग आतल्या दिशेनं हाक मारून म्हणाले, ‘‘दादा, हे आमच्यासाठी ठिवा. तुमच्या वहिनीनं पसंत केलंय.’’

त्याच गाडीतून थेट नगरला डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर ह्यांच्यावर रागावले आणि माझ्यावर जास्त रागावले. दुसऱ्या दिवसापासून हे सकाळ-संध्याकाळ औषध घ्यायला लागले. मी हातावर ठेवायची, हे तोंडात टाकायचे, पाणी प्यायचे. मागायचे नाहीत आणि नाहीही म्हणायचे नाहीत. त्याच आठवड्यात ह्यांनी स्वतः फोन करून स्पर्धेच्या यादीतून आपलं नाव काढायला सांगितलं. कारण विचारलं तेव्हा खरं कारण सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला असणार, अहो कोण बघतंय. ह्यांनी फक्त ‘ऱ्हाऊ द्या’ म्हटलं.

पिस्तुलाची परवान्यावर नोंद व्हायला कचेरीचे खेटे झाले. तोवर डॉक्टरांनी तपासून रेंजवर जायची परवानगी दिली होती. त्या दिवशी मीही गेले. पहिल्यांदाच. तिथं शिकवणारी बाई ह्यांची जुनी विद्यार्थिनी. तिनं मला मागं खुर्ची दिली, कानावर आवाज अडवणारं ते काहीतरी चढवलं. हे आपल्या जागी उभे राहिले. ताठ, एक हात कमरेशी, दुसरा समोर. मी पाठीवरून श्वास बघत होते. संथ. मला देवाचे आभार मानावेसे वाटले आणि मी मानले.

ह्यांचं मारून झालं. बाईनं टार्गेट काढून आणलं आणि चालता चालताच थांबली. सगळी भोकं काळ्या गोलाच्या मधोमध, माझ्या बांगडीत मावतील एवढ्या जागेत.

‘‘सर, तुम्ही ऐन भरात होता तेव्हासुद्धा असं टार्गेट मी बघितलं नव्हतं,’’ ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. तिनं बाकीच्यांना बोलावलं. शेजारच्या लेनमधले लोक आले, कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी पिस्तूल बघायला मागितलं. ‘‘पिस्तूल फार अचूक निवडलंत सर,’’ एकजण म्हणाला. तिनं पेन पुढं केलं. टार्गेटवर ज्यानं मारलं त्यानं सही करायची आणि घरी न्यायचं, ही सवय तिला ह्यांनीच लावलेली.

ह्यांनी पेन घेतलं. कागद टेबलावर सरळ केला, कोपरे दाबले, भोकांवरून एकदा बोट फिरवलं. उमेदीची सगळी वर्षं ज्यासाठी घासली ते समोर होतं.

‘‘ह्याच्यावर सही कुनाची करू?’’ हे म्हणाले.

तिला कळलं नाही. ती हसली, तिला वाटलं सर गंमत करताहेत. ह्यांनी पेनाचं टोपण लावलं, पेन तिला परत दिलं आणि खाली बसून पिस्तूल पुसायला लागले. कागद टेबलावरच राहिला.

स्टँडवर शेवगावची गाडी लागायची होती. आम्ही बाकड्यावर बसलो. मी बोलत सुटले. डोळा तुमचा आहे, म्हणाले. श्वास तुमचा, इतक्या वर्षांची मेहनत तुमची. औषधानं फक्त मधला गोंगाट बंद केला, नेम काय औषधानं धरला? हे ऐकत होते. मधूनच ‘व्हय’ म्हणत होते, मी वाईट वाटून घेऊ नये म्हणून. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. माणूस जिवंत होता, शेजारी बसला होता, ओठांवर रंग होता. आणि एवढी हरल्यासारखी मी आयसीयूच्या बाहेरसुद्धा बसले नव्हते. बोलता बोलता माझंच बोलणं मला पोकळ वाटायला लागलं.

समोर गाड्या येत होत्या, जात होत्या. हे घड्याळाकडं बघून म्हणाले, ‘‘सिस्टर, संध्याकाळच्या औषधाची येळ झाली. दे.’’

स्वतःहून मागितलं ते पहिल्यांदाच. मी पिशवी उघडली, पण पाकीट हाताला लागेना. हे माझ्यासमोर तळहात पसरून थांबले होते. तो जराही हलत नव्हता.